पेपिनोला फुले येतात, पण फळ का धरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर 12 लिटरच्या बादलीत पेपिनोचे, म्हणजे पेपिनो मेलन या फळझाडाचे, वर्षाहून जास्त वयाचे रोप आहे. वाढ जोरदार, पाने गर्द हिरवी. फेब्रुवारीपासून फुलांचे घोसच्या घोस येतात आणि देठासकट गळतात. मागच्या मे महिन्यात दोनच फळे मिळाली, तीही पाणचट. दर पंधरवड्याला शेणस्लरी आणि अधूनमधून चिमूटभर युरिया दिला जातो. आता मार्च चालू आहे. रोप काढून टाकावे का?

काढू नका. रोप ठणठणीत आहे आणि जातही बहुधा बरोबर आहे. चुकले आहे ते वेळापत्रक, आणि त्यात नत्राचा मारा. पेपिनो वाढवायला सोपे, त्याला फळ धरवणे जरा अवघड आणि ते फळ गोड निघणे सगळ्यात अवघड. खत, माती, फवारणी यांचा नंबर नंतर लागतो. आधी तापमान जमवावे लागते.

नावात मेलन असले तरी खरबूज-कलिंगडाच्या वेलांशी याचे नाते नाही. हे सोलॅनम म्युरिकॅटम, म्हणजे वांगी, बटाटा, टोमॅटो यांच्या कुळातले बहुवर्षायू झुडूप. मंडप नको, आळे नको. वांगी-टोमॅटो ज्याला जमतात त्याला याची निगा जमते. मूळ अँडीजच्या पट्ट्यातले, कोलंबियापासून चिलीपर्यंत. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे संस्कृतीतल्या लोकांनी या फळाच्या आकाराची मातीची भांडी घडवलेली आहेत, इतके ते तिथे जुने. त्या किनाऱ्यावर थंड सागरी प्रवाहामुळे दुपार फार तापत नाही आणि रात्र फार गारठत नाही. पाऊस नावालाच, शेती नदी-कालव्याच्या पाण्यावर. झाडाच्या आवडीनिवडी तिथूनच आल्या आहेत.

आता आकडे. रात्रीचे तापमान साधारण 18 अंशांच्या खाली असले की फळधारणा जवळपास थांबते. दिवसा पारा 30 च्या बराच वर गेला की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल गळते. फळ धरल्यापासून पिकायला, हवामान आणि जातीप्रमाणे, 30 ते 80 दिवस लागतात. आणि पिकण्याचा काळ जितका सौम्य, तितकी साखर चांगली भरते. थोडक्यात, उबदार रात्रीत धरायचे आणि थंडीच्या दिवसांत पिकवायचे.

हे पुण्याला लावून बघा. फेब्रुवारीत रात्र 13-14 अंश आणि दुपार 32-33. मार्चअखेर रात्र कुठे 18 च्या आसपास येते, तोवर दुपार 36 वर गेलेली असते. म्हणजे तुमच्या झाडाला फुले आली ती नेमकी अशा काळात, जेव्हा रात्र तरी फार थंड असते नाहीतर दुपार तरी फार गरम. यातून चुकून एखादे फळ धरले तर ते एप्रिल-मेच्या उन्हात घाईने पिकते आणि आत पाणीच पाणी. मे महिन्यातल्या दोन पाणचट फळांचे कारण हेच.

पुण्या-नाशकाकडचा खरा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. तेव्हा रात्री 19 ते 22 आणि दुपारी 28 ते 32 अंश असतात. या दोन महिन्यांत धरलेली फळे नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतात. हे साधायचे तर झाड ऑगस्टमध्ये फुलावर असले पाहिजे आणि त्यासाठी छाटकलमे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात लावायला हवीत. ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेतून रोप आणून कुंडीत लावणाऱ्याला पहिल्या वर्षी पानेच बघावी लागतात, कारण रोप फुलायच्या वयात येते तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात गणित वेगळे. तिथे ऑक्टोबर हीटमध्ये फुले टिकत नाहीत, पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री पुण्यासारख्या गारठत नाहीत. म्हणून सप्टेंबरअखेर मुळे फुटलेले कलम कुंडीत लावायचे, फुलोरा नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात घ्यायचा आणि फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायची. दुपारी एकनंतर सावली येईल अशी जागा तिथे हवीच. विदर्भात मुदत फार तोकडी आहे. सप्टेंबर तापलेला, नोव्हेंबरची रात्र थंड, मधे ऑक्टोबरचे जेमतेम चार आठवडे. तिथे एका झाडावर अवलंबून न राहता दोन-तीन झाडे एकाच वेळी फुलोऱ्यात येतील असे बघावे. महाबळेश्वर-पाचगणीचा एप्रिल-मे फळधारणेला अगदी योग्य, पण पिकायच्या वेळी पाऊस कोसळतो. प्लास्टिकच्या छताशिवाय तिथे याच्या नादी लागू नये.

परदेशातल्या वाचकांसाठी एक ओळ: कॅलिफोर्नियाचा किनारा किंवा न्यूझीलंडमधले ऑकलंड इथे हे झाड अंगणात सुखाने वाढते. मात्र उणे 2-3 अंशांची थोडा वेळ राहणारी थंडीच ते सोसते, लांबलेल्या दहिवरात जळून जाते.

तुमच्या झाडाचे आत्ता काय करायचे? युरिया आणि स्लरी आजपासून बंद. उरलेली फुले-कळ्या खुडून टाका. झाड जमिनीपासून 25 ते 30 सेंटिमीटरवर छाटा, कुंडी पूर्वेच्या बाजूला न्या किंवा 50 टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली ठेवा. एप्रिलभर ते फक्त जिवंत राहिले तरी पुरे. मे महिन्यात येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांपासून कलमे घ्या आणि हंगाम नव्या रोपांवर धरा. जुने झाड राखीव म्हणून असू द्या.

छाटकलम करायला काही अवघड नाही. फूल न लागलेला शेंडा, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, चार-पाच पेरांचा घ्या. डोळ्याच्या लगेच खाली धारदार पात्याने तिरपा छेद. खालची पाने काढा, वरची दोन-तीन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. जून फांदीवर पेरापाशी बारीक पांढुरके उंचवटे दिसतात, ती मुळेच असतात. तसे पेर मातीत गाडले गेले तर काम आणखी लवकर होते. कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, भिजवून मुठीत दाबल्यावर पाणी टपकणार नाही इतपत ओली, पेल्यात भरा आणि कलम त्यात खोचा. पेल्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, सावलीत ठेवा, दिवसातून एकदा पिशवी उचलून वारा लागू द्या. दोन ते तीन आठवड्यांत मुळे येतात. मुळ्या फुटवायची पावडर लागत नाही.

बियांपासून रोपे होतात, पण प्रत्येक रोप वेगळे निघते, फळ उशिरा लागते आणि चव हा निव्वळ जुगार. शिवाय पेपिनोच्या फळात बिया मुळात कमी असतात, कधी नसतातच. त्यामुळे ऑनलाइन शंभर बियांचे स्वस्त पाकीट दिसले की शंका घ्यावी. कलमाचे रोप ओळखीच्या फळ लागलेल्या झाडावरून मिळाले तर त्यापरते काही नाही. न्यूझीलंडच्या ‘एल कामिनो’ आणि ‘सुमा’ या जाती प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे मात्र बहुतेक रोपे बिननावाची विकली जातात, तेव्हा लेबलापेक्षा मातृझाडाचे फळ चाखून घेतलेले बरे. रोप ओळखताना गोंधळ होतो तो पानांमुळे: एकाच झाडावर मिरचीसारखी साधी पाने आणि बटाट्यासारखी तीन किंवा अधिक पर्णिकांची पाने दोन्ही येतात. विक्रेत्याने फसवले असे लगेच समजू नका.

कुंडी 12 लिटरची लहान पडते. मुळे उथळ पसरतात, त्यामुळे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. 15 बाय 15 इंचाची ग्रोबॅग किंवा तितक्याच तोंडाचा टब घ्या. त्याहून मोठे मिळाले तर उत्तम. मिश्रणात चार भाग पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू. एका बॅगेला 100 ग्रॅम निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचे खत. सामू (पीएच) 6.5 ते 7.5 चालतो. देशावरच्या काळ्या मातीचा सामू सहसा प्रश्न नसतो, निचऱ्याचा असतो. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळे सडतात. कोकणातली जांभी माती उलट, आम्लधर्मी. तिथे बॅगेला 25-30 ग्रॅम डोलोमाइट (चुनखडीसारखी भुकटी) आधी मिसळून दोन आठवडे मुरू द्यावे. जमिनीत लावायचे तर दोन झाडांत 75 सेंटिमीटर अंतर आणि वीतभर उंच गादीवाफा. ज्या मातीत मागच्या दोन-तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती माती घेऊ नका. मर रोग आणि सूत्रकृमी तिथूनच येतात.

पुनर्लागवडीनंतर पहिला महिना 19:19:19 (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्केवारीचे) हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, बॅगेला एक लिटर. पहिली कळी दिसली की नत्र बंद. तेव्हा एकदा 0:52:34, त्याच प्रमाणात. फळे लिंबाएवढी झाल्यावर 0:0:50 म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला 2 ग्रॅम, दर पंधरवड्याला. सेंद्रियच करायचे असेल तर पोटॅशसाठी लाकडाची राख महिन्यातून एक चमचा चालते. जास्त टाकली की सामू चढतो. शेणस्लरी या झाडाला वाईट नाही, पण कळी आल्यावर ती चालू ठेवली तर झाड माजते: पेरे लांबतात, पाने तळहाताएवढी होतात, फूल येते आणि गळते. टोमॅटोपेक्षा हे झाड नत्राला जास्त हळवे आहे, आणि गच्चीवर नत्राची उणीव मी क्वचितच बघितली आहे. अतिरेक मात्र जवळपास प्रत्येक कुंडीत असतो.

पाण्याचा अंदाज बोटाने घ्या. दोन पेरे खोल बोट घालून कोरडे लागले की पाणी. थंडीत साधारण लिटरभर पाणी एका दिवसाआड पुरते, कडक उन्हात रोज दीड-दोन लिटर. उथळ मुळांमुळे झाड एका दुपारीत मान टाकते आणि पाणी दिल्यावर तासाभरात उठते, पण फळे वाढत असताना असे दोन-तीनदा झाले की फळे तडकतात. मातीवर तीन इंच उसाच्या पाचटाचे किंवा वाळक्या पानांचे आच्छादन ठेवा. फळांवर रंग चढू लागला की पाणी पाव हिश्शाने कमी करा, तोडू नका. पावसाळ्यात कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा पॉलिथीनच्या छताखाली हव्यात. सलग आठ दिवस भिजलेले मूळ परत सुधारत नाही.

ऊन पाच-सहा तास थेट हवे. पूर्ण सावलीत झाड हिरवेगार दिसते, देत काही नाही.

परागीभवनाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. या कुळातल्या फुलांचे परागकोष टोकाला बारीक छिद्रांनी उघडतात. पराग हलवून बाहेर पाडावा लागतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला लटकून पंखांच्या स्नायूंनी ते थरथरवते. मधमाशीला हे जमत नाही आणि आठव्या मजल्यावर भुंगेही क्वचितच येतात. पेपिनोला बिनपरागाचे, बिनबियांचे फळ धरू शकते हे खरे, पण हलवल्याने धारणा नक्कीच सुधारते. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, फुले पूर्ण उमललेली असताना, बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. ऊन पडलेले असेल तर पिवळसर धूर उडताना दिसतो. दिसला नाही तर हवेत दमटपणा जास्त आहे, तासाभराने पुन्हा करा. फुलाला हात लावायचा नाही, देठालाच. धारणा झाली की चार-पाच दिवसांत फुलाचा देठ जाड होऊन खाली वाकतो; न झालेल्या फुलाचा देठ सांध्यापाशी पिवळा पडतो.

झाड मोकळे सोडले तर मीटरभर वाढून जमिनीवर लोळते. तीन किंवा चार मुख्य फांद्या ठेवा, त्यांना काठी किंवा सुतळीचा आधार द्या आणि पानांच्या बेचक्यातून येणारे फुटवे दर आठवड्याला खुडा. फांद्या ठिसूळ असतात. 200 ग्रॅमची तीन फळे एका घोसात राहिली तर वाऱ्याच्या झोताने फांदी मुळापासून फाटते. घोसात वीसेक फुले असली तरी एक-दोन फळे ठेवावीत. कुंडीतल्या पहिल्या वर्षाच्या झाडावर आठ-दहा फळे म्हणजे भरपूर. वीस ठेवली तर वीसही फिकी निघतात.

किडींमध्ये सगळ्यात त्रासदायक लाल कोळी. फेब्रुवारीपासून कोरड्या हवेत पानाच्या वरच्या बाजूवर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दिसू लागतात, मग पान तांबूस-करडे पडते, खाली बारीक जाळी. भिंगाने पानाची पाठ बघा. सुरुवातीलाच पाइपच्या फवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजू तीन दिवसांच्या अंतराने तीनदा धुतल्या तर निम्मे काम होते. नंतर निंबोळी तेल 5 मिली आणि भांडी घासायचा द्रव साबण 1 मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. तरीही न आटोपल्यास पाण्यात मिसळणारे 80 टक्क्यांचे गंधक लिटरला 2 ग्रॅम. पण पारा 32 च्या वर असेल तर गंधकाने पाने करपतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक वापरायचे नाही. मावा आणि पांढऱ्या माशीला हेच तेल आणि पिवळे चिकट सापळे.

फळमाशी पक्व होत आलेल्या फळाला टोचते आणि आत अळ्या होतात; बाहेरून फक्त एक बारीक ओलसर ठिपका दिसतो. फळ लिंबाएवढे झाले की पातळ कापडी किंवा नॉनवोव्हन पिशवी बांधणे हा एकच खात्रीचा उपाय. बुलबुल आणि खारींपासूनही तीच पिशवी वाचवते.

रोगांत विषाणूवर इलाज नाही. पाने आक्रसली, हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी दिसली की झाड उपटून कचऱ्यात, खतखड्ड्यात नव्हे. टोमॅटोच्या उत्पादकांना जगभर छळणारा पेपिनो मोझॅक विषाणू पहिल्यांदा पेरूमध्ये याच झाडावर 1974 साली आढळला होता, म्हणून टोमॅटो आणि पेपिनो एकमेकांना खेटून लावू नका. छाटणीची कात्री दोन झाडांच्या मधे स्पिरिटने पुसा. तंबाखू मळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नका. तंबाखूवरचे विषाणू हातावरून पसरतात. कोकण-गोव्यात जिवाणूजन्य मर फार. हिरवेगार झाड दोन दिवसांत सुकते, पाणी देऊनही उठत नाही. खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा. काही मिनिटांत छेदातून दुधट धार उतरली तर मरच आहे. ती माती पुन्हा या कुळासाठी वापरायची नाही.

तोडणीची घाई हे फिक्या फळांचे दुसरे मोठे कारण. पेपिनो तोडल्यावर मऊ होते, पिवळे होते, पण गोड होत नाही. जेवढी साखर झाडावर भरली तेवढीच. हिरवा रंग पूर्ण जाऊन पार्श्वभूमी मलईसारखी आणि मग सोनेरी पिवळी व्हायला हवी, जांभळे पट्टे त्यावर ठळक उठून दिसायला हवेत. अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित दबते आणि देठापाशी नाक नेले की खरबुजाचा वास येतो. वास नसेल तर अजून चार-पाच दिवस थांबा. हातातला ब्रिक्समापक (रसातली साखर मोजायचे साधन) असेल तर 8 च्या खाली फळ काकडीच्या जवळ जाते, 10 च्या वर मजा येते. साल पातळ असते, बोटाचा ठसाही दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग होतो. म्हणून ओढू नका. कात्रीने देठासह कापा आणि अंड्यासारखे टोपलीत मऊ कापडावर एकेरी थरात ठेवा.

हंगाम चुकून फिकी निघालेली फळे टाकू नयेत. ती कच्ची असतानाच तोडून काकडीसारखी वापरता येतात: साल काढून, बारीक चिरून, दाण्याचे कूट, लिंबू आणि हिरवी मिरची घालून कोशिंबीर. पिकलेले फळ तासभर गार करून मधोमध कापून चमच्याने खावे. साल खाल्ली तरी चालते, पण काही झाडांची कडसर लागते. पाने मात्र खाण्याची नाहीत. साठवण 10 ते 12 अंशांत तीन आठवड्यांपर्यंत होते. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, 4 अंशांवर, आठवड्याभरात गर आतून तपकिरी पडू लागतो. तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या खणात ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.